त्रयस्थाची हरकत

अर्जावरचं अक्षर इतकं ओळखीचं होतं, की त्याने तो आधी वाचलाच नाही. घरातला कुठला तरी कागद डब्याच्या पिशवीतून टपालात सरकला असेल, संध्याकाळी परत नेऊ, असं मनाशी म्हणत त्याने तो बाजूला सारला आणि बाकीचे अर्ज उघडायला घेतले. गटारांची झाकणं, बागेतल्या झाडांची छाटणी, नुकताच बुजवलेला रस्ता पुन्हा खणण्याचा आदेश कुणी दिला. पालिकेत माहिती अधिकारी म्हणून बसल्यापासून त्याची सकाळ अशीच उजाडायची आणि त्याला ती आवडायची. लोक विचारतायत म्हणजे शहर शुद्धीवर आहे, असं त्याचं एक खाजगी मत होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पण बाजूला सारलेला तो कागद डोळ्याच्या कोपऱ्यात बसून राहिला. हे अक्षर त्याने फ्रिजच्या दारावर पाहिलं होतं, मुलीच्या वह्यांच्या कव्हरांवर पाहिलं होतं, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पाहिलं होतं. एका डब्यावर ‘साखर’ आणि शेजारच्या डब्यावर ‘ही साखर नाही’ असं लिहिणारी बाई जगात एकच होती. त्याने कागद पुन्हा ओढला. वरच्या कोपऱ्यात पालिकेचा जांभळा शिक्का होता, शाई अजून ओली. “तो एक राहिला बघा, सर,” समोरून आवक-जावकच्या बाई म्हणाल्या. “पण नोंद झालीय हं, नंबर पडला त्याला.” नंबर पडलेला अर्ज आणि बारसं झालेलं मूल परत पाठवता येत नाही, हे त्यानेच बाईंना कधीतरी हसत हसत शिकवलं होतं.

बायकोने त्याला आयुष्यात पहिल्यांदा ‘आपण’ म्हटलं होतं. लग्नाआधीपासून ती त्याला ‘तू’ म्हणत आली. रागावली तर ‘तू’, लाडात आली तर ‘तू’, नळ गळायला लागला तर ‘तू बघतोयस ना?’ आणि आता सगळीकडे ‘आपले कार्यालय’, ‘आपल्याकडील नोंदी’, ‘आपण कृपया’. हे ‘आपण’ त्याला फटकन लागलं. प्रश्न नीट क्रमाने मांडले होते. ती शाळेच्या ऑफिसात काम करते, अर्ज कसा लिहावा हे तिला कुणी सांगायला नको. आपल्या कार्यालयाची वेळ काय? आपल्या कार्यालयातील माहिती अधिकारी गेल्या वर्षभरात संध्याकाळी कधी कार्यालय सोडतात? त्यानंतर त्यांना जादा काम असल्यास त्याचे स्वरूप काय? जादा काम नसल्यास सदर अधिकारी घरी पोचेपर्यंत कुठे असतात, याची काही नोंद आहे काय? इथपर्यंत तो श्वास धरून वाचत आला, आणि मग पाचवा प्रश्न आला. सदर अधिकारी उशिरा घरी येतात तेव्हा अतिशय प्रसन्न दिसतात. कार्यालयीन कामाने माणूस इतका प्रसन्न होत असल्यास त्या कामाचा तपशील मिळावा. आणि खाली एक ओळ, अंडरलाइन केलेली: याबाबत तोंडी विचारणा वेळोवेळी केली असता ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळाले आहे. अंधारात शेवटची पायरी चुकावी तसं त्याला झालं. आणि त्याच वेळी, त्याची त्यालाच लाज वाटली, पण त्याला हसू फुटलं. इतका नेटका अर्ज त्याच्या टेबलावर फार दिवसांत आला नव्हता.

खरं काय ते फार लहान होतं. ऑफिस सुटलं की तो घरच्या बसमध्ये बसायचा, दोन थांबे आधी उतरायचा आणि पालिकेच्या बंदिस्त जलतरण तलावाच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसायचा. बस्स. पोहायचा नाही, पाण्याची त्याला भीती होती. स्पर्धा असल्या तर लोक तिथे येत, एरवी ते लांबच लांब लाकडी बाक त्याचे एकट्याचे. कधीतरी तलावाच्या पाण्याच्या तपासणीबद्दल कुणीतरी अर्ज केला होता, आणि त्या अर्जदाराला नोंदी दाखवायला तो इथे आला होता. अर्जदार समाधानाने निघून गेला आणि हा तिथेच राहिला. पाण्यात टाकलेल्या औषधाच्या वासाची ती कोंदट, उबदार हवा, छताला लागून परत येणारे आवाज, शिट्टी, खाली हिरवट उजेड, आणि त्या उजेडात मागेपुढे जाणारी माणसं. पिवळ्या टोपीची एक म्हातारी इतकी सावकाश पोहायची, की ती घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललीय असं वाटे. एक जाडा गृहस्थ पाठीवर पडून नुसता तरंगायचा आणि भिंतीला डोकं लागलं की दचकायचा. दर वेळी तीच भिंत, दर वेळी तितकाच दचकायचा. ते पाहताना त्याच्या खांद्यांमधलं काहीतरी सैल व्हायचं. पाण्यातल्या माणसाच्या हातात कागद नसतो, हे त्याला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. तिथे कुणी कुणाला काही बोललं तरी ते वर येईपर्यंत त्याचे शब्द राहत नसत, नुसता नाद उरे. दिवसभर ज्याला सगळे विचारतात आणि घरी गेल्यावरही आई, मुलगी, बायको ज्याला विचारणारच असतात, त्याच्यासाठी मध्ये ही एक पोकळ जागा होती, जिथे कुणाला काही कळवायचं नव्हतं. लहानपणी तो असाच जिन्याखाली जाऊन बसायचा. आई हाका मारून दमली की बाहेर यायचा. “कुठे होतास?” “कुठे नाही.” “काय करत होतास?” “काही नाही.” ती उत्तरं खोटी नव्हती. जिन्याखाली तो खरोखरच कुठे नसायचा आणि काही करत नसायचा. पण मोठ्या माणसाने असं सांगितलं, की त्याचा अर्थ भलताच होतो.

मग घरी जाऊन सरळ सांगून टाकायचं. दुपारभर तो हे वाक्य मनात घोळवत होता. ‘अगं, मी तलावावर बसतो.’ आणि ती म्हणेल, ‘कशाला?’ तिथे त्याची गाडी अडायची. माहितीच्या कायद्यात एक बरं होतं, ‘का’ला उत्तर द्यावं लागत नसे. कागदावर असेल ते द्यायचं; कागदाच्या मागे कुणाच्या मनात काय होतं, ते माहितीत धरत नाहीत. या एका सोयीवर त्याने शेकडो अर्ज निकालात काढले होते, आणि हळूहळू ती सवय घरातही शिरली होती, हे आज पाचवा प्रश्न वाचताना त्याला दिसलं. शिवाय दुसरी एक भीती होती, आणि ती जास्त खरी होती. सांगितलं, की तो तास संपला. तो तास कुणाला माहीत नव्हता म्हणूनच त्याचा होता. उद्या आई म्हणेल, ‘तलावावर जातोसच तर येताना माझी औषधं आण.’ मुलगी म्हणेल, ‘बाबा तुमच्या त्या बाकावर मी अभ्यास करू?’ आणि न सांगावं तर बायको गेली. निघून गेली नसती, त्यातली ती नव्हती. पण समोर बसून जेवता जेवता गेली असती. परवापासून ती जेवताना त्याच्या शर्टकडे बघत होती, ते आता त्याच्या लक्षात आलं. तलावाच्या औषधाचा वास येतो अंगाला. तिला तो कशाचा वाटला असेल? एवढा मोठा माणूस, टेबलावर शिक्का, डोक्यावर पंखा, आणि त्याला एक तास आणि एक बायको यांतलं एक निवडायला लावलं होतं, तेही पांढऱ्या कागदावर, मार्जिन सोडून.

कायदा नवा आला तेव्हा तो साधा कारकून होता. त्या दिवसांची त्याला अजून गंमत वाटते. वर्षानुवर्षं न उघडलेली कपाटं उघडली गेली आणि सगळं खातं आठवडाभर शिंकत होतं. वरिष्ठांचे चेहरे असे झाले होते, जणू कुणी पाहुणे न सांगता थेट झोपायच्या खोलीत आलेत. त्याला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. पहिल्याच महिन्यात एक बाई आल्या होत्या. त्यांच्या गल्लीतली पाण्याची वाहिनी कितीतरी वर्षं मंजूर होऊन अडली होती आणि त्यांची खात्री होती, की त्यात मोठं कारस्थान आहे, कुणाकुणाचे हात गुंतलेत, म्हणूनच आजवर कुणी ताकास तूर लागू दिली नाही. त्याने फाइल आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचत बसल्या. शेवटी एका साहेबांची बदली झाली होती, त्यांच्या जागी आलेल्यांनी फाइल उघडली नव्हती, आणि ती दुसऱ्या दोन फायलींच्या मध्ये अडकून पडली होती. “एवढंच?” बाई म्हणाल्या. “एवढंच होतं?” आणि त्या इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. डोळे पुसत पुसत म्हणाल्या, “अहो, मी किती वर्षं या एवढ्याशा गोष्टीला घाबरत होते!” त्या हसण्यासाठीच आपण या खात्यात राहिलो, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं. दार लावलेलं असलं की आतली गोष्ट वाढत जाते. हे तो नव्या कारकुनांना समजावून सांगायचा. किती छान समजावून सांगायचा!

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या साहेबांकडे गेला. माहिती नाकारली तर अपील त्यांच्याकडे येतं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. त्यांचे खांदे हलत होते.

“अहो माहितीसाहेब, घरी जा आणि सांगून टाका की!”

“अर्ज नोंदला गेलाय, साहेब.”

“मग द्या उत्तर. टाळाटाळ केलीत तर वहिनी अपिलात येतील. माझ्यासमोर या खुर्चीत बसतील. मी काय विचारू त्यांना? आणि निकाल त्यांच्या विरुद्ध दिला तर आमच्या घरी काय सांगू?”

“ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारता येईल ना?”

साहेब गंभीर झाले. कायद्याचा प्रश्न आला की ते नेहमीच गंभीर होत. “येईल. पण त्याला रीत आहे. माहिती दुसऱ्या कुणाविषयी असेल तर त्या माणसाला आधी नोटीस काढायची. त्रयस्थ म्हणून. त्याची हरकत आहे का विचारायचं. मग अधिकाऱ्याने ठरवायचं.”

“त्रयस्थ मीच आहे.”

“हो ना,” साहेब म्हणाले. “आणि अधिकारीही तुम्हीच.” आता मात्र त्यांना राहवलं नाही.

जागेवर येऊन त्याने खरंच नोटीस काढली. रीत ती रीत. ‘आपणासंबंधी माहितीची मागणी करणारा अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून सदर माहिती देण्यास आपली हरकत असल्यास लेखी कळवावे.’ लिहिताना त्याला विलक्षण शांत वाटलं. स्वतःला असं काही विचारायची वेळ यापूर्वी कधी आली नव्हती. तुझी हरकत आहे का, बाबा? तुझं म्हणणं काय? त्रयस्थ हा शब्द हजारदा वापरूनही त्याने कधी तो उलटून पाहिला नव्हता. आपल्याच संसारात दोघांच्या पलीकडे उभा असलेला तिसरा माणूस, जो सज्जात बसतो आणि प्रसन्न होतो. त्याला तो माणूस आवडत होता. त्याला वाचवावंसं वाटत होतं. पत्ता लिहिताना त्याचा हात जराही थांबला नाही. त्रयस्थाला नोटीस त्याच्या राहत्या पत्त्यावर, टपालाने, पोचपावतीसह पाठवायची. ऑफिसात हातोहात देऊन सह्या घेण्यातून भानगडी होतात, म्हणून हा नियम त्यानेच घालून दिला होता आणि आवक-जावकच्या बाईंकडून कडक पाळून घेतला होता. बाईंनी लिफाफा नेला. दोन दिवसांनी, बसमध्ये उभा असताना, त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. तो एकदम “अरे!” म्हणाला. पुढच्या सीटवरच्या माणसाला वाटलं आपलाच पाय लागला; त्याने माफी मागितली.

“तुला पत्र आलंय,” रात्री ताटं मांडताना बायको म्हणाली. “सही करून घेतलं मी.”

लिफाफ्यावर पालिकेचा छाप होता. आई घाबरली. “ऑफिसातून घरी पत्र? काढलं का काय रे कामावरून?”

“नाही गं, आई.”

“मग कुणाचंय?” बायकोने विचारलं. तिला ठाऊक होतं. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याच्या जागी सही त्याचीच होती आणि ती सही ती ओळखत होती.

“माझंच.”

“काय म्हणतोयस?”

“विचारतोय, माझी काही हरकत आहे का.”

मुलीला ठसका लागला. ती आलटून पालटून दोघांकडे बघत होती. आईबाबांना काहीतरी झालंय आणि ते भांडण नाहीये, एवढंच तिला कळलं होतं आणि ती खूश होती. बायको पाणी ओतत होती. पेल्याच्या काठाला पाणी लागलं तरी तिने तांब्या सरळ केला नाही. “मग?” ती म्हणाली. “आहे हरकत?”

हीच वेळ होती. शब्द त्याच्या दातांपर्यंत आले होते. पण तिने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रागाला तो तयार होता. तिथे भीती होती. नळ गळायला लागला, छप्पर गळायला लागलं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तरी जी कधी घाबरली नाही ती बाई घाबरली होती, आणि तरीही नीट मार्जिन सोडून अर्ज लिहून आली होती. त्याला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की त्याच्या तोंडून नेहमी जे निघतं तेच निघालं.

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली. पेला त्याच्यापुढे ठेवला. “मी थांबते. उत्तराला महिना आहे ना तुला?”

त्रयस्थाची हरकत त्याने दुसऱ्या दिवशी लिहिली. छान लिहिली. माणसाच्या दिवसात एक जागा अशी असावी जिथे त्याच्याबद्दल कुणाला काही माहीत नसतं. ही माहिती दिल्याने ती जागा नष्ट होईल. सबब हरकत आहे. मग तो अधिकारी झाला आणि समोरचा कागद वाचायला लागला. मुद्दा बिनतोड होता. त्याने तोच मुद्दा इतरांसाठी कितीदा मान्य केला होता. पण कायद्यात पुढचं एक वाक्य आहे: हरकत असली तरी ती तोलून पाहायची, माहिती देण्यात जास्त हित असेल तर हरकत बाजूला ठेवायची. एका पारड्यात तो बाक, ती हिरवट हवा, जाडा गृहस्थ आणि त्याची भिंत. दुसऱ्या पारड्यात पाण्याचा तांब्या धरलेला तिचा हात. अधिकाऱ्याला फार वेळ लागला नाही. त्रयस्थाचा त्याने मनापासून आदर केला, आणि हरकत फेटाळली. उत्तर त्याने स्वतःच टाइप केलं. कार्यालयाची वेळ, सुटण्याची वेळ, जादा काम नाही. चौथ्या मुद्द्यावर, नोंद उपलब्ध नाही. तथापि अर्जदारास समक्ष पाहणी करता येईल. स्थळ, पालिकेचा जलतरण तलाव, वरचा प्रेक्षक सज्जा. वेळ, कार्यालय सुटल्यानंतर, सोमवार सोडून. पाचव्या मुद्द्यावर कायद्याप्रमाणे त्याला काहीच लिहायचं नव्हतं. तो बराच वेळ की-बोर्डवर बोटं ठेवून बसला. शेवटी लिहिलं, ‘पाहणीत दिसून येईल.’ बाईंनी पाकीट चिकटवताना त्याच्याकडे बघितलं आणि शहाण्या बाईसारखा पुढचा लिफाफा ओढला. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सज्जात गेला तो जणू घर सोडायच्या आधी खोल्या पाहून घ्याव्यात तसा. बाकाच्या फळीवर हात फिरवला. पिवळी टोपी सावकाश पलीकडे गेली, सावकाश परत आली. त्याला वाईट वाटत होतं, अगदी सरळ, न लपवता, लहान मुलासारखं वाईट वाटत होतं.

ती आली तेव्हा तिच्या खांद्याला शाळेची पिशवी होती आणि हातात त्याचं उत्तर, घडी केलेलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून तिने आधी सगळा सज्जा पाहिला, बाकांच्या ओळी, कोपरे, खांबाच्या मागे. मग त्याच्याकडे आली.

“इथे?”

“हो.”

“कोण असतं?”

“कोणी नाही.”

ती बसली. त्याच्या शेजारी नाही, एका माणसाची जागा सोडून. “आणि काय करतोस?”

“बसतो.”

“नुसता?”

“नुसता. तो बघ, तो जाडा. आता त्याचं डोकं भिंतीला लागेल.”

डोकं लागलं. गृहस्थ दचकला. ती हसली नाही. तिने पिशवी खांद्यावरून काढून बाकावर ठेवली, कागद पिशवीत घातला आणि पाण्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. आता ती रडेल, किंवा म्हणेल, ‘एवढंच?’ आणि मोठ्याने हसेल, आणि त्या हसण्यावर सगळं सुटेल. त्याला त्या हसण्याची इतकी आशा होती की कान नुसते उभे राहिले होते. शिट्टी वाजली. कुणीतरी उडी मारली, आवाज छतापर्यंत जाऊन आला.

“मला वाटलं होतं कोणीतरी असेल,” शेवटी ती म्हणाली. “कोणी असती तर भांडता तरी आलं असतं. ह्याच्याशी काय भांडू?”

“अगं, मी सांगणारच होतो...”

“थांब जरा. बोलू नकोस.” तिने चपला काढल्या. पाय समोरच्या बाकावर ठेवले, बोटं मोकळी केली. त्या बोटांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ होते. ती मागे टेकली आणि तिच्या खांद्यांमधून काहीतरी खाली उतरलं, त्याला ते दिसलं, कारण ते कसं उतरतं हे त्याला आतून माहीत होतं. पिवळी टोपी पलीकडे जाऊन परत आली. मग ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, “तू घरी जा.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरी जा. आईंच्या डोळ्यांत थेंब घालायचेत. पोरीची गणितं अडलीत. इस्त्रीवाला येईल. खालच्या मावशी किल्ली मागायला येतील, ती दाराच्या मागे आहे. मी बसते.”

“किती वेळ?”

तिने आता त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडावर इतक्या दिवसांनी तिची ती जुनी खोडकर रेघ. “अर्ज कर,” ती म्हणाली.

तो घरी गेला. आईने दार उघडताच विचारलं, “सूनबाई कुठेय?” तो म्हणाला, “तलावावर.” “पाण्यात?” “नाही, वर.” “वर कशाला?” त्याने थेंबांची बाटली शोधली, ती नेहमीच्या जागी नव्हती, आणि नेहमीची जागा कुठली हेही त्याला माहीत नव्हतं. एका डोळ्यात दोन थेंब पडले, दुसऱ्यात एकही नाही, बाकीचे आईच्या गालावर. मुलगी वही घेऊन आली. गणित सोडवता सोडवता गॅसवर दूध उतू गेलं. मावशी किल्लीसाठी आल्या आणि किल्ली घेऊन झाल्यावर आपल्या गुडघ्याचं सांगत बसल्या. इस्त्रीवाला आला, त्याने विचारलं, “ताईंनी निळा शर्ट टाकायचा म्हटला होता?” याचं उत्तर जगात फक्त एका माणसाकडे होतं आणि ते माणूस बाकावर पाय पसरून बसलं होतं. पुन्हा बेल. पुन्हा “बाबा.” पुन्हा “अरे, ऐकलंस का?” या वेळात या घरात रोज एवढे प्रश्न येतात, आणि इथे कुणाला महिन्याची मुदत मिळत नाही, नोंद होत नाही, ‘का’ला सुद्धा तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. आपण प्रसन्न चेहऱ्याने आत शिरायचो तेव्हा हे सगळं नुकतंच उरकलेलं असायचं. त्याला तिची इतकी आठवण आली, जणू ती परगावी गेलीय.

ती आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. तो रोज येई त्याहून उशीर झाला होता. केस विस्कटलेले, चेहरा धुतल्यासारखा. हात धुऊन ती त्याच्या समोर बसली. आई, मुलगी दोघी घास हातात धरून बघत होत्या. अशी ती त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

“खाली खिडकीवर विचारलं मी,” ती म्हणाली. “मोठ्या माणसांना शिकवतात तिथे. बायकांचा वेगळा वर्ग आहे, मंगळवार-गुरुवार. ती पिवळ्या टोपीची आजी आहे ना, ती मागच्याच वर्षी शिकली. इतके दिवस तिथे बसतोयस, तू कधी विचारलं नाहीस?”

नाही. खरंच, त्याने कधी विचारलं नव्हतं.

“मी नाव घातलंय,” ती म्हणाली. “माझं. त्या दोन दिवशी तू घरी. बाकीचे दिवस बाक तुझा, मी आईंना सांगीन कुठे गेलायस ते. चालेल?”

“चालेल,” तो म्हणाला. मग, कुणी न विचारता, तो म्हणाला, “मला पाण्याची भीती वाटते.”

“मलाही,” ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढून घेतलं.